आकड्यापुरती पट्टी

पट्टीबाईंचा राग आधी हातात यायचा, तोंडाचा नंबर नंतर लागायचा. चिडल्या की त्या टेबलावरची पोलादी फूटपट्टी उचलून तळहातावर आपटत बसायच्या. तो टप टप आवाज सुरू झाला की माहिती कक्षाचा शिपाई हातातला चहा कपाटावर टेकवून आल्या पावली पसार व्हायचा. दिवसातून एकदा तरी हे व्हायचंच. सव्वीस वर्षांत त्या पट्टीवरचे आकडे झिजून गेले, राग मात्र होता तेवढाच राहिला.

खोली संरक्षण खात्याच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर, जिन्याला लागून. एक टेबल, एक झेरॉक्स मशीन, दोन लोखंडी कपाटं आणि व्हरांड्यात उघडणारी जाळीची खिडकी. कायद्याने कोणीही अर्ज करून सरकारचा कागद मागू शकतो, संरक्षण खात्याचासुद्धा. कागद द्यायचा, फक्त त्यात शत्रूच्या उपयोगाचं जे असेल ते झाकून द्यायचं. ते झाकायचं काम बाईंचं, म्हणून त्या पट्टीबाई. खरं नाव पगाराच्या दिवशीच कोणाला आठवायचं.

कामाची रीत ठरलेली होती. मूळ कागदाची झेरॉक्स काढायची, तिच्यावर फूटपट्टी टेकवून जाड काळ्या मार्करने पट्टी मारायची, मग त्या काळ्या झालेल्या कागदाची पुन्हा झेरॉक्स. म्हणजे घेणाऱ्याने तो उजेडासमोर धरून कितीही डोळे फाडले तरी खालचं अक्षर दिसत नाही. प्रत्येक पट्टीशेजारी समासात कारणाचा नंबर आणि बाईंची सही. एक म्हणजे ठिकाण, दोन म्हणजे संख्या, तीन म्हणजे साधनांची ताकद, असे सहापर्यंत. सात नंबर म्हणजे 'इतर'. हा सात साहेबलोकांचा भारी लाडका. बाईंनी तो सव्वीस वर्षांत एकदाही लिहिला नव्हता. "इतर म्हणजे काय?" त्या तोंडावर विचारायच्या. "कारण सापडत नसेल तर पट्टी मारू नका. साहेबांची लाज झाकायला माझा मार्कर नाही."

याचा अर्थ बाई उदार होत्या असा कोणी काढू नये. त्यांचा थोरला भाऊ सैन्यात होता. त्याची तुकडी कोणत्या रस्त्याने पुढे जाणार हे एका वर्तमानपत्राने मोठ्या अभिमानाने, नकाशासकट छापलं. तिसऱ्या दिवशी त्याच रस्त्यावर ती तुकडी संपली, आणि घरी एक पेटी आली. बाई तेव्हा एकोणीस वर्षांच्या होत्या. ते कात्रण अजून त्यांच्या टेबलाच्या खणात होतं. खिडकीवर येऊन कोणी "जनतेला सगळं कळलं पाहिजे" म्हणालं की त्यांचा पारा चढायचा. "सगळं? माझ्या दादाचा रस्तासुद्धा?" आणि आतून एखादा साहेब "जनतेला काय करायचंय कळून" म्हणाला की तेवढाच चढायचा. दोन्ही बाजूंशी भांडायच्या, त्यामुळे दोन्हीकडे नावडत्या होत्या.

घरी नवरा होता, थिएटरात तिकिटं फाडून निवृत्त झालेला. बायको काय करते असं कोणी विचारलं तर सांगायचा, "रेघा मारते. पगारी." ऑफिसातलं अक्षर बाईंनी घरात कधी काढलं नाही. याला पेपर मोठ्याने वाचायची सवय, त्यामुळे आपण काल काय झाकलं आणि काय उघडं ठेवलं हे त्यांना दुसऱ्या दिवशी नवऱ्याच्या तोंडूनच कळायचं.

आता चूक. ती त्यांच्यासारख्याच माणसाच्या हातून होते, नवख्याच्या नाही. बाई कागद वाचत नसत. तांदूळ निवडताना नजर खड्यावर असते, तांदळावर नसते, तसं त्यांचं होतं. आकडा, जागेचं नाव, यंत्राचं नाव दिसलं की पट्टी. अर्थाकडे जायचंच नाही, म्हणजे डोक्यात काही राहत नाही आणि तोंडातून काही निसटत नाही. यात त्यांना अभिमान होता. दुसरं म्हणजे त्यांची पट्टी पूर्ण ओळीची असायची. ओळीत एकच आकडा असला तरी या समासापासून त्या समासापर्यंत सरळसोट काळी रेघ. दिसायला देखणी, मारायला झटपट. नवीन लागलेल्यांना साहेब बाईंची पानं दाखवायचे आणि म्हणायचे, "काम असं पाहिजे."

शहराबाहेरच्या दारूगोळा कोठारात एका दुपारी स्फोट झाला आणि पाच माणसं गेली. चौकशी झाली, एक्केचाळीस पानांचा अहवाल आला आणि एका बातमीदाराने तो मागितला. बाईंनी तो दोन दिवसांत हातावेगळा केला. साहेबांनी नुसतं चाळून खाली 'पाहिलं' असं लिहिलं.

चार दिवसांनी सकाळी नवरा पेपर वाचत होता. "कामगाराच्या हलगर्जीपणामुळे स्फोट. हे बघ, अहवालातलं वाक्यच छापलंय. 'मृत कामगाराने दार उघडे ठेवले होते. त्या दारातून ठिणगी आत आल्याने स्फोट झाला.' काय म्हणावं अशा माणसाला? स्वतः मेला आणि चौघांना घेऊन गेला."

बाईंनी कप खाली ठेवून पेपर ओढून घेतला. वाक्य ओळखीचं होतं. ते सतराव्या पानावर, एका देखण्या काळ्या पट्टीच्या लगेच खालच्या, उघड्या राहिलेल्या ओळीत होतं. आणि त्या पट्टीच्या वर आणखी तीन पट्ट्या होत्या.

ऑफिसात जाऊन त्यांनी पहिलं लोखंडी कपाट उघडलं आणि मूळ अहवालाचं सतरावं पान सव्वीस वर्षांत प्रथमच माणसासारखं वाचलं. तिथे असं होतं. शेडमधील तापमान मर्यादेच्या इतके अंश वर गेले होते. शीतकरण यंत्र इतके महिने बंद असून दुरुस्तीसाठी पाठवलेल्या इतक्या पत्रांना पुरवठा विभागाकडून उत्तर आलेले नाही. माल तापू नये म्हणून, पर्यवेक्षकांच्या तोंडी आदेशावरून, शेड क्रमांक अमुक येथील... आणि इथे ओळ संपली होती. पुढची ओळ 'मृत कामगाराने' या शब्दांनी सुरू होत होती. किती अंश, किती महिने, किती पत्रं हे इथे मी लिहीत नाही. बाईंनी हे वाचलं तर फूटपट्टी घेऊन दारात उभ्या राहतील.

प्रत्येक ओळीत एक आकडा होता, म्हणून प्रत्येक ओळ काळी झाली. शेवटच्या ओळीत आकडा नव्हता, म्हणून ती उघडी राहिली. नियमाचा कुठेही भंग झाला नव्हता. एका मेलेल्या माणसाच्या डोक्यावर पाच जणांच्या मरणाचं खापर फुटलं होतं, आणि समासात चार ठिकाणी बाईंची सुबक सही होती.

त्यांनी कपाट लावलं. हे काही माझं काम नाही, असं त्यांनी स्वतःला सांगितलं. बातमीदाराला हवं तर तो अपील करेल, पेपर आहे, उद्या विसरतील. पट्टीबाईंसारख्या बाईने असा पळपुटेपणा तीन महिने केला, आणि पुढे त्या सगळ्यांत जास्त चिडल्या त्या या तीन महिन्यांवर.

तीन महिन्यांनी खिडकीशी एक बाई आली. अंगावर बस कंडक्टरचा गणवेश, खांद्याला तिकिटांची बॅग. पंचेचाळिशीची असेल, आवाज मागच्या सीटपर्यंत पोचणारा. तिनेही अर्ज करून तोच अहवाल नुकताच घेतला होता. सतरावं पान जाळीतून आत सरकवून तिने त्यावर बोट ठेवलं.

"ही रेघ कोणी मारली?"

"नियमाप्रमाणे..."

"नियमाने मार्कर धरला होता? हात कोणाचा, ते विचारतेय मी."

"माझा," बाई म्हणाल्या.

एवढं सरळ उत्तर कंडक्टरणीला सरकारी खिडकीत कधी मिळालं नसावं. "माझा नवरा बावीस वर्षं त्या कोठारात होता," ती म्हणाली. "शर्टाला धातूचं बटण चालत नाही म्हणून निघताना दोनदा शर्ट चाचपायचा. तळाला खिळा नको म्हणून रोज बूट उलटे करून बघायचा. घरात काडेपेटी मी लपवून ठेवायचे, नाहीतर ओरडायचा. तो माणूस दार उघडं टाकून बसेल?"

बाईंनी कागद आपल्याकडे फिरवून घेतला.

"आम्ही सगळे एकाच वसाहतीत राहतो. त्याच्याबरोबर गेले त्या चौघांची घरं माझ्या घरासमोर आहेत. आधी आम्ही पाच जणी एकत्र बसून रडलो. मग पेपरात त्याच्या नावासकट हे आलं. आता नळावर माझी बादली मागे ढकलतात. आधी हाताने ढकलायच्या, आता पायाने ढकलतात. मुलीच्या वहीवर कोणीतरी लिहिलं, 'दार लाव.' चौदा वर्षांची आहे ती. सांगा आता, या रेघेखाली काय आहे?"

"ते मला सांगता येत नाही."

"म्हणजे तुम्हाला माहीत आहे."

बाईंचा हात फूटपट्टीकडे गेला आणि तिथेच थांबला.

"माहीत आहे, आणि इथे बसून चहा पिताय," कंडक्टरीण म्हणाली आणि कागद ओढून घ्यायला लागली.

बाईंनी कागदाचं दुसरं टोक सोडलं नाही. "याच्यासोबत आलेल्या पत्राची मागची बाजू वाचलीत?"

"मागची बाजू कोण वाचतं?"

"वाचा. अपिलाला तीस दिवस असतात. आणि अपिलात एक वाक्य घाला, की प्रत्येक पट्टीचं कारण मला ती मारणाऱ्याच्या तोंडून हवं. तसा हक्क आहे तुम्हाला, तिथे बारीक अक्षरात छापलंय. बारीक का छापलंय ते मला विचारू नका."

कंडक्टरीण गेली. आभार वगैरे मानायच्या भानगडीत ती पडली नाही. बाईंचा तळहात त्या दिवशी संध्याकाळपर्यंत लाल होता.

दुसऱ्या दिवशी त्यांनी सतराव्या पानाची कोरी झेरॉक्स काढली. फूटपट्टी खणात टाकली. बारीक टोकाचा मार्कर घेतला आणि फक्त आकडे झाकले. अंशांचा आकडा, महिन्यांचा आकडा, पत्रांचा आकडा, शेडचा क्रमांक. नखाएवढ्या चार काळ्या चौकटी. पान दिसायला अगदी गबाळं झालं, नवख्याने केल्यासारखं. पण ते वाचता येत होतं. कोण म्हणालं, का म्हणालं, कोणी उत्तर दिलं नाही, सगळं वाचता येत होतं, आणि शत्रूच्या हाती त्यातलं काही लागत नव्हतं. एवढं सोपं होतं. सव्वीस वर्षांत हे आपल्या डोक्यात कसं आलं नाही, म्हणून त्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. अशी आणखी किती सतरावी पानं त्या कपाटांत असतील, हा विचार मात्र त्यांनी तेव्हा लांब ठेवला, नाहीतर त्या दिवशी त्यांना खुर्चीतून उठता आलं नसतं.

ते पान घेऊन त्या साहेबांकडे गेल्या. साहेब कधी आवाज चढवत नसत. त्यांनी पान वाचलं, चष्मा काढला आणि बाईंना बसायला सांगितलं. बाई उभ्याच राहिल्या.

"बाई, तुमच्या भावना मी समजू शकतो. पण आपली यंत्रं बंद पडतात हे बाहेर गेलं तर? देशाच्या सुरक्षिततेचा प्रश्न आहे."

"किती महिने, कुठलं शेड, किती अंश, सगळं झाकलंय. शत्रूने भिंग लावून वाचलं तरी त्याला एवढंच कळेल की आपल्याकडे पत्राला उत्तर देत नाहीत. ते त्याला आधीच ठाऊक असेल."

साहेब हसले. "पूर्ण पान काळं करा आणि सात नंबर घाला. त्या दाराच्या वाक्यासकट. म्हणजे त्या बिचाऱ्या बाईचंही काम झालं."

"पेपरात छापून आलेलं कसं काळं करू? घरोघर मार्कर घेऊन फिरू?"

"हे बघा." साहेबांनी आवाज आणखी खाली आणला. "पट्टी तुमच्या हातची, सही तुमची. मी फक्त 'पाहिलं' लिहिलंय. उद्या ही चूक आहे असं ठरलं तर ती कोणाची ठरेल? दोन वर्षं राहिलीत तुमची. मी तुमच्याच भल्याचं सांगतोय."

"दुसऱ्याचं भलं करायचं असलं की साहेबांचा आवाज एवढा खाली का जातो?" असं बाईंनी विचारलं आणि उत्तराची वाट न बघता दार आपटून बाहेर पडल्या. दार आपटायला जड होतं, पण आपटलं.

त्या संध्याकाळी त्यांनी नवऱ्याला विचारलं, "तुमच्या हातून कधी चुकीचं तिकीट फाटलं होतं का हो?"

"फाटलं की. एका म्हाताऱ्याचं संध्याकाळच्या खेळाचं होतं, मी दुपारच्यालाच फाडून ठेवलं. संध्याकाळी आला तेव्हा हातात नुसता तुकडा, आणि हॉल भरलेला."

"मग?"

"मग काय, त्याला माझ्या स्टुलावर बसवला आणि तीन तास मी उभा राहिलो. मॅनेजर बोंबलत होता, बोंबलू दे म्हटलं. चूक माझी, मग पाय कोणाचे दुखायला हवेत?" तो पुन्हा पेपरात शिरला. "का गं? रेघ वाकडी गेली का?"

"सरळ गेली," बाई म्हणाल्या. "तोच घोळ झालाय."

अपिलाची सुनावणी दीड महिन्याने लागली. अपील अधिकारी म्हणजे जाड भिंगांच्या चष्म्याच्या, वयस्क, कंटाळलेल्या दिसणाऱ्या बाई होत्या. लहानशी खोली, एक लांब टेबल, एक करकरणारा पंखा. एका बाजूला साहेब, दुसऱ्या बाजूला गणवेशातच आलेली कंडक्टरीण. पट्टीबाईंना मधल्या खुर्चीवर बसवलं होतं. अर्जदाराने पट्टी मारणाऱ्याच्या तोंडून कारणं मागितली होती, त्यामुळे त्यांना बोलावण्यावाचून गत्यंतर नव्हतं. साहेबांनी येताना जिन्यात एवढंच सांगितलं, "नंबर वाचून दाखवा आणि बसा."

बाईंनी नंबर वाचायला सुरुवात केली. पान तीन, पट्टी पहिली, कारण एक, ठिकाण. कायम ठेवावी. पट्टी दुसरी, कारण दोन, साठ्याची संख्या. कायम ठेवावी. पान नऊ, पाच पट्ट्या, कारण तीन, सगळ्या कायम. कंडक्टरणीचं तोंड हळूहळू कडवट होत गेलं. ही बाई आपल्याला उल्लू बनवतेय, असं तिच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं. साहेब खुर्चीत जरा सैल झाले.

"पान सतरा," बाई म्हणाल्या. "चार पट्ट्या. कारण दोन, तीन, दोन आणि एक. कारणं बरोबर आहेत. पट्ट्या चूक आहेत."

"म्हणजे?" अपील अधिकाऱ्यांनी मान वर केली.

"आकडा झाकायचा होता, मी ओळ झाकली. आकड्याला कारण आहे, उरलेल्या ओळीला कसलंच नाही. मी न वाचता मारल्या. त्यामुळे शेवटचं जे वाक्य उघडं राहिलं त्याचा अर्थ बदलला. ती माझी चूक आहे आणि शेजारी सही माझी आहे."

साहेब उठलेच. "मॅडम, संबंधित कर्मचारी भावनिक झाल्या आहेत. हा संपूर्ण परिच्छेद संवेदनशील..."

"मी भावनिक नाही, मी चिडलेय," बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज फुटला तो तिथेच. "माझा भाऊ एका छापलेल्या ओळीपायी गेला. त्याच्यासाठी मी ही नोकरी धरली. ही काळी शाई त्याच्यासारख्यांच्या अंगावर घालायचं पांघरूण आहे. ते तुम्ही बंद पडलेल्या मशीनवर घालताय, उत्तर न दिलेल्या पत्रांवर घालताय! आणि उघडा टाकला कोणाला, तर जो बोलायला जिवंत नाही त्याला!"

अपील अधिकाऱ्यांनी हातानेच साहेबांना बसवलं. "त्या ओळींमध्ये काय लिहिलंय?" त्यांनी विचारलं.

"ते मी इथे सांगू शकत नाही. आदेश होईपर्यंत ते गुप्त आहे. मूळ कागद लिफाफ्यात आहे, तो तुम्ही बघू शकता."

कंडक्टरणीने कपाळावर हात मारून घेतला. अपील अधिकाऱ्यांनी लाख लावलेला लिफाफा फोडला आणि सतरावं पान वाचलं. मग पुन्हा पहिल्यापासून वाचलं. तोवर त्यांचा कंटाळा पार गेला होता. "हे शेड आता कुठे आहे?" त्यांनी साहेबांना विचारलं.

"स्फोटात... म्हणजे, ते आता अस्तित्वात नाही."

"आणि ते यंत्र?"

"तेही त्यातच जळालं."

"म्हणजे शत्रूपासून आपण राख लपवतोय," त्या म्हणाल्या. "तरी आकडे झाकलेले राहू देत. इतर शेडांत अशीच यंत्रं असतील. बाकीची ओळ उघडा. आत्ता, इथेच."

बाईंनी पिशवीतून बारीक मार्कर काढला. चार चौकटी. समासात चार नंबर, चार सह्या. शिपायाने झेरॉक्स काढून आणली आणि कंडक्टरणीने ते पान उभ्याने वाचलं. तिचे ओठ हलत होते. 'तोंडी आदेशावरून' या शब्दांपाशी ती थांबली, मागे गेली आणि पुन्हा तिथपर्यंत आली.

पट्टीबाईंना वाटलं ती आता रडेल. ती रडली नाही. "दाराची मूठ तेवढी त्याच्या हातात होती," ती म्हणाली, "आणि पाच महिने आम्ही..." वाक्य तिने अर्धंच टाकलं आणि बाईंकडे वळली. "मी तुमचे उपकार मानावेत असं वाटतंय का तुम्हाला?"

"नाही."

"बरं झालं. कारण मी मानणार नाही. आज साडेपाचला वसाहतीत नळाला पाणी येतं, तेव्हा सगळे असतात. मी हे वाचलं तर म्हणतील, बायकोच आहे, काहीही वाचेल. सही तुमची आहे ना? मग तुम्ही येऊन वाचा."

साहेबांनी जिन्यात बाईंना गाठलं आणि उद्या टेबलावर खुलासा मागणारं पत्र असेल, असं अतिशय सौम्य आवाजात सांगितलं. "ठेवा. पत्राला उत्तर द्यायची सवय आहे मला," बाई म्हणाल्या आणि पुढे चालू लागल्या.

वसाहत म्हणजे एकसारख्या बुटक्या घरांच्या दोन रांगा आणि मधे सिमेंटच्या ओट्यावर एक नळ. बादल्यांची रांग ओट्यापासून पार कोपऱ्यापर्यंत गेली होती. शेवटची निळी बादली कंडक्टरणीची. रांग कितीही वाढली तरी तिची जागा शेवटचीच, हे आता कोणाला सांगावं लागत नव्हतं. कंडक्टरणीने आपल्या बसमधल्या आवाजात सगळ्यांना थांबायला सांगितलं. काही थांबले, काही मुद्दाम पाठ फिरवून राहिले, समोरच्या रांगेतली दोन-तीन दारं बंद झाली. बाई ओट्यावर चढल्या. मी कोण, माझं काम काय, चूक कशी झाली, हे त्यांनी चार वाक्यांत सांगितलं. कोणीतरी शिवी दिली. बाईंनी ती ऐकून घेतली आणि वाचायला लागल्या.

"शेडमधील तापमान मर्यादेच्या, इथे पट्टी आहे, अंश वर गेले होते. शीतकरण यंत्र, इथे पट्टी आहे, महिने बंद असून दुरुस्तीसाठी पाठवलेल्या, पट्टी, पत्रांना पुरवठा विभागाकडून उत्तर आलेले नाही. माल तापू नये म्हणून, पर्यवेक्षकांच्या तोंडी आदेशावरून, शेड क्रमांक, पट्टी, येथील मृत कामगाराने दार उघडे ठेवले होते."

नळ तसाच वाहत होता, तो बंद करायचं कोणाला सुचलं नाही. पाठ फिरवलेल्यांतला एक म्हातारा वळला आणि ओट्याशी आला. त्याचा मुलगा त्या चौघांपैकी एक होता, आणि तो स्वतःही कोठारातूनच निवृत्त झालेला होता.

"दार सुपरवायझरने उघडायला लावलं?"

"असं अहवालात आहे."

"तो तर बदली होऊन गेला. आणि आम्ही..." म्हाताऱ्याने कंडक्टरणीकडे बघायचं टाळलं. "मशीन किती महिने बंद होतं म्हणालात?"

"तो आकडा मला सांगता येत नाही. तो झाकलेला आहे."

"कोणापासून झाकलाय?" म्हातारा रागाने ओरडला. "अकरा महिने. माझा पोरगा रोज घामाने निथळून यायचा आणि रोज मला सांगायचा, आज इतके दिवस झाले म्हणून. अकरा महिने बंद होतं ते. इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. ठाऊक नव्हतं ते एवढंच, की दार कोणी उघडायला लावलं!"

बाईंना हो म्हणता आलं नाही आणि नाही म्हणणंही शक्य नव्हतं. शत्रूपासून लपवण्यासाठी त्यांनी जे झाकलं ते इथे सगळ्यांना पाठ होतं, आणि या लोकांना जे हवं होतं तेच त्याच्याबरोबर झाकलं गेलं होतं. आयुष्यात पहिल्यांदा बाईंना राग काढायला हाताशी काही नव्हतं, फूटपट्टीसुद्धा नाही.

म्हातारा रांगेच्या टोकाला गेला. त्याने ती निळी बादली उचलली आणि रांगेच्या कडेने चालत येऊन नळाखाली ठेवली.

कंडक्टरीण पुढे झाली. तिने बादली नळाखालून काढली, आत पडलेलं तांब्याभर पाणी ओट्यावर ओतलं आणि बादली होती तिथे, रांगेच्या शेवटी नेऊन ठेवली. "माझा नंबर आला की भरीन," ती म्हणाली. "तुमच्या मेहेरबानीचं पाणी मला नको."

बाई ओट्यावरून उतरल्या आणि त्यांनी कागद तिच्यापुढे धरला. तिने तो घेतला नाही.

"तुमच्याकडेच ठेवा. इथे होते त्यांनी ऐकलं. तुम्ही आल्यावर ज्यांनी दारं लावून घेतली, ते राहिलेत अजून." तिने समोरच्या रांगेकडे बोट दाखवलं. "पेपर घरोघर गेला होता. तुम्हीही घरोघर जा."

पट्टीबाईंनी चष्मा पुसला, सतरावं पान नीट वर घेतलं आणि पहिल्या घराची कडी वाजवली.